बोगनवेल आणि बादली

पाणी तोडले की फुलणारे आणि पाणी मिळाले की नुसती पाने काढत बसणारे एक झुडूप, पाण्याची वाट पाहण्यात ज्याच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या अशा तालुक्याच्या अंगणात येऊन स्थायिक व्हावे, ही घटना उद्यानशास्त्रापेक्षा समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घेण्यासारखी आहे. हे झुडूप म्हणजे जांभळी बोगनवेल, आणि हा तालुका म्हणजे सांगली जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड व खटाव तालुक्यांना खेटून असलेला कडेगाव. निसर्गाच्या हिशेबाने ही जोडी जमण्यासारखीच होती. ती बिघडली कशी, आणि ती बिघडवण्यात बादली नावाच्या घरगुती उपकरणाचा वाटा किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कडेगावचा मुलूख पर्जन्यछायेत मोडतो, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर आपला बहुतेक ऐवज रिता करून ढग पूर्वेकडे सरकतात तेव्हा या भागाच्या वाट्याला मुख्यतः सावली आणि वारा येतो. महाबळेश्वरात उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडवरून सखल खोऱ्याने खाली निघून जाते आणि हा भाग बसला आहे उंचावर, त्यामुळे नदीचे नाव ऐकायला जवळ आणि पाणी प्यायला दूर अशी स्थिती दीर्घकाळ होती. पुढे टेंभू उपसा सिंचन योजना आली. उपसा सिंचन म्हणजे पाणी उताराने न नेता पंपांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने वर चढवणे आणि मग कालव्यांत सोडणे. कऱ्हाडजवळच्या ज्या टेंभू गावी १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला, त्याच गावापाशी कृष्णेचे पाणी अडवून ते या उंच मुलखाकडे उचलले जाते. आगरकरांनी महाराष्ट्राच्या डोक्यात विचार चढवण्यासाठी जे कष्ट घेतले त्यांच्या मानाने पंपांचे काम सोपे गेले असावे. शिवारात ऊस आला, घरापुढे नळ आला, आणि नळापाठोपाठ शोभेचे झाड लावण्याची ऐपत आली. येथपर्यंत सर्व सुरळीत होते.

वनस्पतिशास्त्राच्या भाषेत बोगनवेल हे आरोही झुडूप आहे. म्हणजे त्याचे खोड काष्ठमय असते, आधार दिसला की फांद्या काट्यांच्या मदतीने त्यावर चढतात आणि आधार नसला की कमान करून जमेल त्याच्या अंगावर पडतात. ज्याला सारे गाव फूल म्हणते ते फूल नसून छद होय, आणि छद म्हणजे फुलाच्या तळाशी असणारे, रूप पालटलेले पान. असे तीन जांभळे छद एकत्र येतात, प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक, नळीसारखे, पांढुरके फूल उभे असते, आणि ते उमलले काय किंवा मिटले काय, त्याची दखल कीटकांखेरीज कोणी घेत नाही. काम एकाचे आणि झळकणे दुसऱ्याचे ही व्यवस्था सार्वजनिक जीवनात चांगली रुळलेली असल्यामुळे बोगनवेलीतही ती कोणाला खटकत नाही.

रंगाची कुळकथाही अशीच आहे. जांभूळ आणि वांगे यांचा जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. बोगनवेलीचा रंग मात्र बीटालेन या निराळ्या गटातील, म्हणजे बीट आणि लाल माठ यांत असणाऱ्या रंगद्रव्यांचा असतो. त्यामुळे रसायनशास्त्राच्या दृष्टीने जांभळी बोगनवेल जांभळापेक्षा माठाच्या भाजीला अधिक जवळची ठरते. नात्यागोत्याने पाहिले तरी तिचा तोरा टिकत नाही. ती पुनर्नवा कुलातील आहे. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी ही तिची आप्त, आणि पावसाळ्यात बांधावर, रस्त्याकडेला पायाखाली पसरणारी घेटुळी, जिला वैद्यमंडळी पुनर्नवा म्हणून आदराने वागवतात, तीही तिचीच भाऊबंद. परसातली घेटुळी खुरप्याने उपटून उकिरड्यावर टाकायची आणि तिच्याच घरातल्या मुलीला नोटा मोजून कुंपणाशी मानाने बसवायचे, हा व्यवहार माणसाने केवळ वनस्पतींपुरता मर्यादित ठेवला आहे असे म्हणवत नाही.

छदांचा पोत कोरड्या कागदासारखा असल्याने पुष्कळ ठिकाणी बोगनवेलीला ‘कागदी फूल’ म्हणून हिणवले जाते. कडेगावात हे हिणवणे लागू पडत नाही. मोहरममध्ये बांबू आणि रंगीत कागद यांतून गगनचुंबी ताबूत उभे करणाऱ्या, आणि त्यांच्या भेटींचा सोहळा हिंदू-मुसलमानांनी मिळून पार पाडणाऱ्या या गावाला कागदाची प्रतिष्ठा दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. लुई आंत्वान द बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीने १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली; त्या प्रवासात १७६७ मध्ये जहाजे ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे थांबली असता सोबतचा वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्सों याच्या संग्रहात ही वनस्पती आली. कॉमेर्सोंचा पाय त्या दिवसांत आजारी होता, त्यामुळे रानात हिंडण्याचे काम त्याच्या मदतनिसानेच केले असावे असा तर्क अभ्यासक करतात, आणि हा मदतनीस म्हणजे पुरुषवेषात वावरणारी झान बारे ही स्त्री होती, कारण फ्रेंच नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना मज्जाव होता. हिंडणे बारेचे, नोंद कॉमेर्सोंची आणि झाडाला नाव कप्तानाचे, अशी ही वाटणी झाली. महाराष्ट्रातील कोनशिला वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला तिचे नवल वाटू नये. बारेच्या नावाने एका वनस्पतीचे नामकरण व्हायला २०१२ साल उजाडावे लागले, आणि ती वनस्पती निघाली वांग्याच्या प्रजातीतील. २४५ वर्षांनी मिळालेला हा मान कोणाला तुटपुंजा वाटेल. ज्याने कृष्णाकाठचे भरले वांगे खाल्ले आहे त्याला तो कप्तानाच्या मानापेक्षा वरचढ वाटण्याचा संभव आहे.

रिओहून निघालेले हे झाड कडेगावच्या फाटकाशी पोहोचले तरी घरात प्रवेश मिळणे सोपे नसते, कारण या भागातील घर नव्या झाडाची चौकशी स्थळ पाहावे तशी करते. अंगणातील प्रत्येक झाडाला आपल्या अस्तित्वाचे कारण देता आले पाहिजे असा अलिखित दंडक असतो. तुळशीला ते विचारण्याची कोणाची छाती नाही, जास्वंद गणपतीची, शेवंती आणि अबोली वेणीची, कढीपत्ता फोडणीचा, गवती चहा पावसाळ्याचा, शेवगा आमटीचा, आणि कोरफड भाजल्या-कापल्याची. बोगनवेलीची उलटतपासणी मात्र काही क्षणांत आटोपते. ती देवाला वाहत नाहीत, तिला वास नाही, तिची वेणी होत नाही, फळ धरत नाही, घरात कोणी तिचा काढा करत नाही. शेळ्या तिचा पाला खातात, आणि ही खरे तर वजनदार शिफारस आहे, पण अंगणात काय लावावे याबाबत शेळ्यांचे मत घेण्याची प्रथा नाही. शिवाय काटे आहेत, आणि दारात काटेरी झाड असले की घरात भांडणे लागतात असा समज पक्का आहे. ‘मग लावायचं कशाला?’ या प्रश्नाला ‘शोभेला’ असे उत्तर देणाऱ्याकडे घरातील वडीलधारी माणसे ज्या नजरेने पाहतात, तिचे वर्णन शास्त्रीय ग्रंथात करणे कठीण आहे.

हे धैर्य बहुधा गलाईवाला मुलगा दाखवतो. गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा व्यवसाय. खानापूर, आटपाडी आणि कडेगाव या पट्ट्यातील हजारो माणसे या धंद्यानिमित्त देशभरातील सराफ पेठांमध्ये पांगलेली आहेत. गावी नवा बंगला बांधायचा तो यांनी, आणि त्यात राहायचे ते आईवडिलांनी, अशी विभागणी असते. परमुलखातील एखाद्या बंगल्याच्या कमानीवर ओसंडणारी जांभळी बोगनवेल मुलाच्या डोळ्यांत भरलेली असते, आणि यात्रेला किंवा दिवाळीला गावी आला की तो रोपवाटिकेतून तशीच एक आणतो, फाटकाशी लावतो, फोटो काढतो, ‘हिला फार पाणी घालू नका’ एवढे बजावतो आणि परततो. या वाक्यातील ‘फार’ या शब्दाचा अर्थ दोन पिढ्यांत एकच नसतो, आणि पुढील सर्व अनर्थ त्या फटीतून शिरतो.

रोपवाटिकेतील बोगनवेल पानांपेक्षा छदांनीच लगडलेली दिसते याचे कारण तिथे तिची फारशी बडदास्त ठेवलेली नसते. काळ्या पिशवीत मुळे कोंडलेली, माती मोजकी, पाणी आठवेल तेव्हा, आणि डोक्यावर दिवसभर ऊन. अशा अडचणीत ती बहरते. हीच बोगनवेल ऐसपैस खड्ड्यात, पाटीभर शेणखतावर बसवली आणि रोज पाण्याने न्हाऊ घातली की तिची शाकीय वाढ सुरू होते. शाकीय वाढ म्हणजे फुले-फळे न धरता केवळ खोड, फांद्या आणि पाने यांनी मोठे होणे. पाणी आणि नत्र मुबलक असेपर्यंत तिला फुलण्याची निकड भासत नाही. त्यात दिवस लहान असतात तेव्हा तिला फुलणे अधिक मानवते, त्यामुळे हिवाळा कोरडा आणि उन्हाचा गेला तर तो तिच्या सोयीचा ठरतो. कडेगावचा हिवाळा असा असतोच. म्हणजे आकाश आपले काम चोख करते, आणि मध्ये येते ती बादली.

बादलीचा अभ्यास करताना एक गोष्ट ध्यानात येते, ती अशी की जास्त पाणी घातल्याचा ठपका कोणा एकावर ठेवता येत नाही. सकाळी सून अंगण झाडताना एक तांब्या घालते, कारण सासूबाई विसरल्या असतील असे तिला वाटते; सासूबाई आपल्या वेळेला घालतात, कारण सुनेला कामाच्या धबडग्यात सुचले नसेल; सासरे हातपाय धुताना मुद्दाम दोन पावले पुढे जाऊन तिच्या बुडाशी धुतात; शाळेतून आलेला नातू उरलेल्या पाण्याची बाटली तिथेच उलटी करून रिकामी करतो; आणि समोरच्या घरातील आजोबा, घरची मंडळी परगावी गेली असताना, कोणी न सांगता येऊन शेजारधर्म पाळतात. त्यातच रात्री नळाला पाणी येते, घरातील भांडी भरून झालेली असतात, आणि ‘वाया कशाला घालवायचं’ या सर्वमान्य तत्त्वानुसार आणखी दोन बादल्या तिच्या आळ्यात जातात. प्रत्येकाने घोटभरच दिलेले असते. बोगनवेल मात्र भातखाचरात उभी असते.

पाणी घालू नये असे सांगणाऱ्यास जे उत्तर मिळते ते मोडून काढणे सोपे नाही. ‘जीव हाय की त्याला बी, तहानलेलं झाड बघवत न्हाई,’ असे म्हणणारी आजी १९७२ चा दुष्काळ पाहिलेली असते. खडी फोडायला गेलेली, डोक्यावर हंडे घेऊन आडाच्या तळाशी उतरणाऱ्या दोराकडे तासन्‌तास पाहत बसलेली ही पिढी दारच्या झाडाला ठरवून तहानलेले ठेवील, अशी अपेक्षा करणारे उद्यानशास्त्र पुस्तकी म्हटले पाहिजे. दुपारच्या उन्हात बोगनवेलीची पाने माना टाकतात हे खरे, आणि तिला पाणी देण्याची तीच योग्य खूण आहे. पण आजीच्या मते माणसाने माना टाकण्याची वाट पाहणे हे माणुसकीला धरून नाही. या मुद्द्यावर शास्त्राने माघार घेतलेली बरी.

घरच्या आजोबांना मात्र इतकी सूट देता येत नाही, कारण ताण म्हणजे काय हे त्यांना पुस्तकाविनाही ठाऊक असते. डाळिंबाची बाग ज्याने केली आहे तो शेतकरी बहार धरण्यापूर्वी बागेचे पाणी दीड-दोन महिने तोडतो; या पाणी तोडण्याला ताण म्हणतात. ताणावर पडलेल्या बागेची पाने पिवळी होतात, पुढे पानगळ केली जाते, छाटणी होते, आणि मग पाणी सोडले की फुलांची कळी बाहेर पडते. या काळात बागेत कोणी ठिबकचा कॉक चुकून जरी उघडला तरी आजोबांचा आवाज शेजारच्या शिवारापर्यंत पोहोचतो. तेच आजोबा संध्याकाळी घरी येऊन बोगनवेलीपाशी उभे राहतात, तिला कळी का नाही म्हणून हळहळतात, आणि हळहळत तिला एक तांब्या पाणी घालतात. डाळिंबाला व्यापारी असतो आणि बोगनवेलीला नसतो, एवढा एकच फरक या दोन वागणुकींच्या मुळाशी आहे; जिथे पैसा गुंतलेला असतो तिथे माणूस शास्त्राने वागतो आणि इतरत्र मायेने, असा निष्कर्ष यातून काढता येईल, पण तो काढला म्हणून बोगनवेल फुलत नाही.

फुले येत नाहीत असे दिसल्यावर खताचा विचार होतो. उसाच्या मुलखात युरियाचे पोते घरात असतेच, आणि ओंजळभर युरिया कोणाच्या हिशेबात धरलेला नसतो. युरिया म्हणजे नत्र, आणि नत्र म्हणजे पाला. उसाला जे हवे तेच बोगनवेलीला नको, हे या भागातील मातीला पटवणे अवघड जाते. पंधरवड्यात झाड काळेभोर हिरवे होते, फांद्या हात-हातभर फेकते, काटे जोमदार होतात, आणि ज्याच्या सूचनेवरून युरिया घातला तो ‘बघा, लागू पडलं’ म्हणून समाधानाने मिशीवर हात फिरवतो. फुलांचा विषय तोवर मागे पडलेला असतो. पुढे गलाईवाला मुलगा फोनवरून फोटो मागवतो, हिरवा डोंगर पाहून चक्रावतो, आणि दोष अखेर रोपवाटिकावाल्याच्या माथी बसतो: त्याने जांभळी म्हणून बिनफुलांची जात दिली. तो बिचारा ज्या बोगनवेलीच्या फांद्यांपासून रोपे करतो ती त्याच्या फाटकावर, पाण्यावाचून, रस्त्यावरून जाणाऱ्यांचे डोळे दिपवत असते.

या सगळ्यातूनही एखाद्या घरातील बोगनवेल फुलतेच. त्याची कारणे तपासली तर पंप जळालेला असतो, किंवा सासूबाई मुलाकडे परगावी गेलेल्या असतात, किंवा घराला दोन महिने कुलूप असते. मात्र फुलली म्हणून प्रश्न संपत नाहीत. भांडणाच्या भीतीने ती दारातून उचलून कुंपणाच्या भिंतीशी लावलेली असते, आणि भिंतीला दुसरी बाजू असते. बोगनवेल सूर्याकडे झुकते, हद्दीकडे पाहत नाही. चैत्र-वैशाखात शेजारच्या गच्चीवर कुरडया, सांडगे आणि पापड वाळत पडलेले असतात, वाऱ्याला उधाण आलेले असते, आणि सुकलेले छद कागदाइतके हलके असल्याने ते जांभळ्या थव्यांनी उडून नेमके ओल्या कुरडयांवर उतरतात. गव्हाच्या चिकात रुतलेला छद निघता निघत नाही. काढावा तर कुरडई मोडते आणि ठेवावा तर पुढच्या वर्षी सणाच्या ताटात पाहुण्यासमोर तळून निघतो. काटेरी झाडामुळे भांडणे लागतात हा जुन्या माणसांचा सिद्धांत अशा रीतीने खरा ठरतो, फक्त भांडण घरात न लागता भिंतीच्या दोन बाजूंना लागते.

त्यावर उपाय म्हणून शेजारी छाटणी सुचवतो, आणि अनेकदा सुचवण्याची वाट न पाहता करतो. वनस्पतिशास्त्र येथे शेजाऱ्याच्या बाजूने आहे हे खेदाने नमूद केले पाहिजे. बोगनवेल नव्या फुटव्यांवर फुलते, म्हणून एक बहर ओसरला की फांद्या आखूड कराव्या लागतात. मालकाला मात्र वाढलेली फांदी कापवत नाही. परिणामी शेजाऱ्याने रागाने तोडलेली बाजू दीड-दोन महिन्यांत जांभळी होते, मालकाने जपलेली बाजू हिरवीच राहते, आणि संपूर्ण शोभा भिंतीपलीकडे जाऊन बसते.

जांभळ्या फुलांचीच हौस असेल तर या मुलखाने ती फुकट पुरवलेली आहे, हेही सांगून टाकले पाहिजे. माळावरच्या रुईला जांभळट फुले येतात, तिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीच्या गळ्यात जाते, आणि तिला पाणी घालण्याचा विचार आजवर कोणाच्या मनाला शिवलेला नाही. ओढ्याकाठची निर्गुडी निळसर-जांभळी फुलते आणि वर सांधेदुखीच्या शेकालाही कामी येते. कालव्याकडेची बेशरम तर फिक्या जांभळ्या फुलांनी बारमाही नटलेली असते, तिला शेळीही तोंड लावत नाही. या तिन्ही झुडपांना आणून अंगणात लावा असे म्हटले तर मात्र सारे घर एकमताने हसते. शोभेला किंमत मोजावी लागली तरच ती शोभा, याबाबत आजी आणि गलाईवाला मुलगा यांच्यात मतभेद नाही.

ज्या तालुक्याच्या सीमेवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडे उभी राहिली आणि १९८५ मध्ये त्या रानाला सागरेश्वर अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्या तालुक्याला एक झुडूप फुलवता येऊ नये हे काही बरे दिसत नाही. तेव्हा वाचकांपैकी ज्यांना दारी जांभळी बोगनवेल हवी आहे त्यांनी रोपवाटिकेत जाऊ नये. पावसाळ्याच्या तोंडाला शेजाऱ्याने छाटून फेकलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन-चार डोळे असलेली एक पक्व काडी उचलावी, उन्हाच्या जागी, निचऱ्याच्या मुरमाड मातीत खोचावी, ती फुटून नीट धरेपर्यंत पाणी द्यावे, युरियाचे पोते कुलपात ठेवावे, आणि दिवाळीनंतर तिला पाणी घालण्याची जबाबदारी घरातील सर्वांत विसराळू माणसाकडे सोपवून इतर सर्वांना तसे स्पष्ट सांगावे, समोरच्या आजोबांनाही.